खाकी कपड्यातला मुखरूभाऊ

मुखरूभाऊ,

तू गेलास त्या सकाळी तुझ्या घरात बाया रडत होत्या आणि मी मोठ्यानं म्हणाले, "बरं झालं." सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. तुझी सून डोळे पुसता पुसता थांबली. मग मी म्हणाले, "घरच्या खाटेवर गेला. पोराच्या हातचं पाणी तोंडात पडलं. माणसाले अजून काय पायजे?" एकदोघींनी माना हलवल्या. बाकीच्यांनी मनात काय म्हटलं असेल ते म्हटलं असेल.

मला रडू आलं नाही. हायसं वाटलं. तू ठाण्याच्या भानगडीत पडलास तेव्हापासून मी धरून चालले होते की तुझी खबर एक दिवस पोलिसांची गाडीच घेऊन येईल. पाय घसरला, डोक्याला लागलं, असं काहीतरी सांगतील आणि तुझ्या पोराची सही घेतील. तसं झालं नाही. तू म्हातारपणानं, खोकून खोकून, स्वतःच्या गोधडीत मेलास. त्यासाठी मी मारुतीपुढे नारळ फोडला. खोबरं तुझ्याच नातवंडांनी खाल्लं.

पण तू एक गोष्ट अर्धी टाकून गेलास. नव्या ठाणेदारानं ठाण्याच्या अंगणातली आपली बैठक बंद केली होती. खाटेवर पडल्या पडल्या तू मला विचारलंस, "अंजनाबाई, बसन का व तो?"

"मले काय मालूम," मी म्हटलं. "तू मर निवांत. मी पायतो."

तू हसलास, मग खोकलास. तेच आपलं शेवटचं बोलणं. तर पुढे काय झालं ते सांगते. पण पहिल्यापासून सांगते, कारण तू सांगायचास त्यात निम्मं नाटक असायचं.

तुझं धान कापून झालं की तू वडशाच्या नाटक कंपनीबरोबर निघायचास. थंडीभर गावोगावी नाटकं. तुझी ती मिशी आणि तो आवाज, त्यामुळे दरवर्षी तुला एकच काम, फौजदाराचं. खाकी कपडे, पट्टा, कमरेला लाकडाचं पिस्तूल. त्या वर्षी एका गावचं नाटक उजाडता उजाडता संपलं आणि परतताना तुमची गाडी जंगलातल्या रस्त्यावर बंद पडली. तुला तहान लागली. जवळच गोंडांचा टोला होता, मोजक्या घरांचा. तू कपडे न बदलता तसाच पाणी मागायला गेलास.

टोल्यावर कोणी नव्हतं. सुपातले तांदूळ अंगणात सांडलेले, कोंबड्या ते टिपत होत्या. चुलीवर भात रटरटत होता. एका दारात फक्त म्हातारा सैनूबाबा बसला होता. तो पळाला नाही, कारण त्याचे पाय त्याला नेत नव्हते. हात जोडून तो म्हणाला, "सायेब, आमी काई केलं नाई."

तू म्हणालास, "बाबा, मी मुखरू हावो. नाटकातला."

त्यानं हात सोडले नाहीत. तेवढ्यात भात करपायला लागला. तू चुलीतली लाकडं ओढून बाहेर काढलीस, पण वास सुटायचा तो सुटलाच. पाणी न पिताच तू परत आलास.

त्या दिवशी आपला बाजार होता. ठाण्यासमोरच्या चिंचेखाली माझं फुटाण्यांचं दुकान. तू तेच कपडे घालून माझ्या पोत्यावर येऊन बसलास आणि गिऱ्हाइकं दूर झाली.

"ऊठ गा," मी म्हटलं, "धंदा बुडवशीन माझा."

"बाई, माझं पिस्तूल सागाच्या लाकडाचं हाये," तू म्हणालास. "तरी पुरा टोला खाली झाला. चुलीवर भात टाकून पराले लोक."

"मंग? खाकीले पाहून लोक परातेच."

"काऊन पराते?"

याचं उत्तर आपल्या दोघांनाही माहीत होतं. साऱ्या गावाला माहीत होतं. ठाण्यात कोणी आपल्या पायानं जात नसे. बैल चोरीला गेला तर "उद्या या". बाईनं नवऱ्याची तक्रार आणली तर "घरचं भांडण घरी मिटवा". टोल्यावरच्या माणसाला मराठी धड येत नाही, साहेबाला गोंडी येत नाही. मग कागदावर जे उतरे ते दोघांपैकी कोणाचंच बोलणं नसे. संशयावरून कोणाला आणलं तर तो कुठे आहे हे घरच्यांना कळत नसे. जंगलातल्या बंदूकवाल्यांचं भय एका बाजूला, ठाण्याचं दुसऱ्या बाजूला, आणि टोला मधे.

माझी लेक वच्छला त्याच ठाण्याच्या पायरीवरून परत आली होती. नवऱ्याच्या मारानं ओठ फाटलेला होता तिचा. आतला शिपाई तिला म्हणाला, "सासरी राह्यचं असन तर तक्रार नको करू." म्हणून मला वाटायचं, ठाण्यावर गोटे मारावे. तू म्हणायचास, "गोटे मारणं त्यायले सोपं जाते. गोट्याचं उत्तर त्यायच्यापाशी तयार हाये." इथपर्यंत तू शहाणा होतास. पुढचं तुझं डोकं म्हणजे नाटकवाल्याचं.

पुढच्या बाजारी तू खाकी घालून आलास, माझी बसायची खुर्ची उचललीस आणि भर बाजारात, ठाण्याच्या समोर मांडलीस. मला विचारलंही नाहीस. एकटाच दोन्ही कामं करू लागलास. खुर्चीवर बसलास की ठाणेदार, खाली उकिडवा बसलास की तक्रारवाला.

"काय गेलं?"

"बैल गेला, सायेब. चोरानं नेला."

"कुठी हाये बैल?"

"चोरापाशी, सायेब."

"मंग पंचनामा कोणाचा करू, तुहा? जाय, बैल घेऊन ये. मंग चोरीची तक्रार लिहितो."

बाजार हसला. मासोळीवाली तर इतकी हसली की मांजरीनं तिच्या टोपलीतला मासा पळवला. ठाण्याच्या दारातले दोन शिपाईसुद्धा हसत होते. मग आतून ठाणेदार आले. ते हसले नाहीत. पोलिसाचे कपडे घालून फिरतो म्हणून त्यांनी तुला आत नेलं. आणि तू ज्यावर बसून गुन्हा केलास ती खुर्चीही पुरावा म्हणून नेली.

लोक पोती आवरायला लागले. एरवी काय होतं ते तुला ठाऊक आहे. सगळे घरी जातात, आणि जो आत गेला त्याचं तो पाहून घेतो.

आपलं भांडण इथूनच सुरू होतं आणि तू मेलास तरी ते मिटलेलं नाही. तू जन्मभर सांगत राहिलास की तुझ्या नाटकानं ठाणं बदललं. मी सांगते, माझ्या खुर्चीनं बदललं. मी तुला सोडवायला गेले नव्हते. माझे गुडघे दुखत होते, मी माझी खुर्ची मागायला गेले होते. शिपाई म्हणाला, "उद्या या." दुखऱ्या गुडघ्यांनी मी उद्या कुठे येणार? मी ठाण्याच्या अंगणातच बसले. मला बसलेली पाहून मासोळीवाली आली. तिच्यामागे भाजीवाल्या आल्या. वच्छला आली. मग आपल्या बायका गेल्या कुठे म्हणून पुरुष आले. दुपारपर्यंत अंगण भरलं.

ठाणेदार बाहेर आले. साहेब आला की आपण उठतो, हाडांना सवय लागलेली आहे. उठायचं नाही असं कोणी ठरवलं नव्हतं. माझे गुडघे उठले नाहीत, आणि मी उठले नाही म्हणून मागचं कोणी उठलं नाही. एवढ्या माणसांत ते एकटेच उभे राहिले.

"काय पाहिजे?"

"खुर्ची," मी म्हटलं. "अन् मुखरू."

या क्रमाबद्दल तू मला कधी माफ केलं नाहीस.

ते उभ्यानं बोलत राहिले. कायदा सांगितला, कलम सांगितलं. मागून मासोळीवाली म्हणाली, "सायेब, खाली बसून बोला ना. मान दुखून राह्यली आमची." कोणीतरी खुदकन हसलं. मला वाटलं, झालं, आता लाठ्या. पण ते इकडे तिकडे पाहून खांबाला धरून खाली बसले. पट्टा पोटात रुतला, बूट कुठे ठेवावे ते कळेना. मी म्हटलं, "सरका व, सायेबाले जागा द्या." आणि खाली बसल्यावर तो माणूस वेगळंच बोलायला लागला. आपल्याला मनुष्यबळ नाही, वरून दट्ट्या येतो, गोंडी येणारा एकच शिपाई आहे, असं काय काय. कायदा पुन्हा निघाला नाही. तुझ्या गोष्टीत ते ठाणेदार शेवटी रडतात. ते रडले नव्हते. घाम पुसत होते.

संध्याकाळी तू बनियनवर बाहेर आलास, तोंडभर हसत, जसा काही पडदा पडल्यावर लोकांसमोर आला आहेस. खुर्ची आलीच नाही. ती आजही ठाण्यात आहे.

त्यानंतर महिन्याच्या शेवटच्या बाजारी अंगणात बसायचं ठरलं. पहिल्या एकदोन बैठकांत नुसता आरडाओरडा झाला. मग तू सैनूबाबाकडे गेलास आणि टोल्यावर ते कसे बसतात ते पाहून आलास. सगळे जमिनीवर, गोल. शेवटच्या माणसाचं बोलणं होईपर्यंत कोणी उठायचं नाही, मग तो पाटील असो की आणखी कोणी. तू तेच ठाण्यात आणलंस. मी म्हटलं, "म्हाताऱ्यांसाठी तरी खुर्च्या ठेवा." तू ऐकलं नाहीस. "खुर्ची आली का रांग आली, बाई. रांग आली का पयला आला अन् शेवटचा आला." माझ्या गुडघ्यांना तुझं हे तत्त्वज्ञान कधी पटलं नाही.

त्या जमिनीवर बसून हळूहळू गोष्टी ठरत गेल्या. तक्रार लिहिली की ज्याची आहे त्याला मोठ्यानं वाचून दाखवायची, गोंडीवाल्याला गोंडीत. ठाण्यात कोणाला आणलं तर त्याचं नाव लगेच दारावरच्या फळ्यावर लिहायचं, म्हणजे बाजारातल्या कोणालाही दिसेल आणि घरी निरोप जाईल. सगळं सरळ झालं असं मी म्हणणार नाही. मधेच एका शिपायानं एकाला थापड मारली. एक ठाणेदार बैठकीच्या दिवशी मुद्दाम दौऱ्यावर जायचा. पण मार खाणाऱ्याचं नाव फळ्यावर होतं आणि मारणाऱ्याचं आम्ही अंगणात घेतलं. पुढच्या बाजारी तो शिपाई खाली मान घालून आमच्यात बसला होता.

एक गोष्ट मी तुला कधी बोलले नाही. वच्छला पुन्हा त्या पायरीवर गेली तेव्हा तिची तक्रार लिहिली गेली. जमादारानं ती तिला वाचून दाखवली. नवऱ्यानं काय केलं ते दुसऱ्याच्या तोंडून, सरकारी आवाजात ऐकताना ती म्हणाली, "हाव, असंच झालं." आणि मान वर केली. आज फुटाण्यांचं दुकान तीच चालवते, मी नुसती शेजारी बसून खोड्या काढते. तुझे उपकार मानायचे म्हटलं तर तू ते पुढच्या नाटकात घातलं असतंस, म्हणून गप्प राहिले. आता बोलते, कारण आता तुला काम मिळणार नाही.

तुझे दोषही सांगून ठेवते. बिडी तू सोडली नाहीस. बैठकीत दुसऱ्याला बोलू द्यायचा नियम तुझाच, आणि तो सगळ्यात जास्त तूच मोडायचास. एकाच गोष्टीवर अडून बसायचास. टोल्यावरची माणसं अंगणात यायला लागली, बोलायला लागली, तरी तुझं आपलं तेच. "ते इथी येते, बाई. पण खाकी तिथी गेली का अजून लोक पराते. भात करपतेच. टोल्यावर खाकी गेली अन् भात करपला नाई, तवा मी म्हणीन का बैठक झाली." मला वाटायचं, म्हातारा आता फक्त भाताचंच बोलतो.

मग हे नवे ठाणेदार आले. वयानं लहान, बोलायला गोड. ते न कळवता गाडीनं टोल्यावर गेले आणि लोक पळाले. परत येऊन तुला म्हणाले, "आजोबा, इतकी वर्षं बैठक घेऊन काय मिळालं? लोक तर पळतातच. आता आपण सभागृहात घेऊ, खुर्च्यांवर, निवडक लोकांची." तुझंच माप त्यांनी तुझ्याच पदरात टाकलं. त्यानंतर तू खाट धरलीस. डॉक्टर छाती म्हणाले. मला माहीत होतं काय ते.

तुझ्या तेरवीला टोल्यावरून सैनूबाबाची सून आली होती, चैती. सैनूबाबा आता नाही. जेवण झाल्यावर ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "मुखरूदादा चांगला होता. पण त्या दिवशी त्यानं हाक नोयती देल्ली."

"कोणती हाक?"

तिनं सांगितलं. टोल्याकडे जाणारा माणूस शिवेवरच्या झाडापाशी थांबतो आणि हाक देतो. आतून हाक आली की पुढे जातो. पाहुणा असो, व्यापारी असो, कोणी असो. "हाक न देता येते तो वाईटासाठीच येते, बाई. त्याले पाहून परायचं, मंग इचार करायचा."

मुखरूभाऊ, तू जन्मभर समजत राहिलास की ते तुझ्या कपड्यांना पाहून पळाले. कपड्यांना घाबरलेच होते, ते खरं आहे. पण तू हाकसुद्धा दिली नव्हतीस. नाटकवाला तू, सरळ प्रवेश घेतलास. पोलिसांच्या गाड्याही तेच करतात. आणि इतक्या बैठकांत हे कोणी बोललं नाही, कारण टोल्यावरच्यांना वाटलं, एवढं तर सगळ्यांना ठाऊकच असतं.

मी दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेले. साहेबांनी मला खुर्ची दिली. मी म्हटलं, "राहू द्या. माझी एक तुमच्यापाशी हायेच." त्यांना कळलं नाही, जमादाराला कळलं. मग मी म्हटलं, "सायेब, टोल्यावर चला माझ्यासंगं. खाकी घालून. गाडी सडकेवर ठेवा, बंदुका गाडीत ठेवा. लोक पराले तर तुमच्या सभागृहात मीच झाडू मारीन. नाई पराले तर अंगणात बसा."

"आणि मला काय करायचं?"

"मी थांबन तिथी थांबायचं अन् मी म्हणन तवा हाक द्यायची."

ते हसले. पण आले. माझ्या गुडघ्यांच्या चालीनं चालले, त्यात त्यांचा निम्मा ऐटपणा रस्त्यातच सांडला. झाडापाशी मी थांबले. ते म्हणाले, "काय म्हणून हाक देऊ?"

"जे हाये ते म्हणा."

त्यांनी हाक दिली. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा दिली. "ठाणेदार आहे मी. येऊ का?"

टोल्यावर आवाज थांबले. मुसळाचा आवाज येत होता तो बंद झाला. पलीकडच्या कुडातून दोघं-तिघं जंगलाकडे सटकताना मला दिसले, खोटं कशाला सांगू. साहेबांनाही दिसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "थांबा."

मग आतून चैतीचा आवाज आला. "या. पण बूट काढून या, अंगण सारवलं हाये."

आम्ही गेलो. ती चुलीपुढे बसली होती. उठली नाही. साहेब बूट हातात घेऊन उभे, ठेवावे कुठे कळेना. ती म्हणाली, "बसा सायेब, भात उतरवतो मंग बोलतो." ते सैनूबाबा बसायचा त्याच दारापाशी जमिनीवर बसले. तिच्या पोरीनं लोट्यात पाणी आणलं. ते प्यायले. मुसळाचा आवाज पुन्हा सुरू झाला. जे सटकले होते त्यातला एक थोड्या वेळानं कुडाआडून डोकावला आणि, काही झालं नाही असं दाखवत, येऊन बसला.

महिन्याच्या शेवटच्या बाजारी अंगणात बैठक झाली. तू विचारलं होतंस म्हणून सांगते, बसला. खांबाला न धरता बसला, तरुण आहे. आणि पोलिसानं टोल्याच्या शिवेवर थांबून हाक द्यायची, हे ठरलं. ते चैती बोलली, मी नाही. ती बोलत असताना मधे तोंड घालणारं कोणी नव्हतं, म्हणून काम लवकर झालं.

त्या दिवशी टोल्यावर तिनं आम्हाला जेवायला थांबवलं. अंबाडीची भाजी होती. भात मी तुझ्यासाठी म्हणून नीट पाहून खाल्ला. जरा गिचका झाला होता. पण मुखरूभाऊ, करपला नव्हता.